व्हिसाच्या फाइलवर नाव कोणाचं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान तिथून हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. परदेशी पाठवणाऱ्या एजंटांवरून तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, आणि कोल्हापुरात तर त्याला वेगळाच फाटा फुटलाय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसलं, सहा जिल्ह्यांची कामं इकडे वळली आणि सनद घेतलेली नवी पोरं कामाच्या शोधात उभी राहिली. त्यातल्या काहींनी ‘आम्ही इमिग्रेशनची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या कागदपत्रांची, प्रॅक्टिस करणार’ असं जाहीर करून टाकलं. बार रूममधले ज्येष्ठ म्हणाले, ही कसली वकिली? फॉर्म भरायचं काम, सेतू केंद्रात बसून करा. राजारामपुरीतले कन्सल्टन्सीवाले म्हणाले, वकील आले की खर्च वाढणार, आणि व्हिसा काय वकील देणार आहेत का? टीव्ही बघणाऱ्यांचं म्हणणं, सगळे एजंट एकदा आत टाका. आणि कट्ट्यावर एक गट कायमचा असतोच, ज्याचं मत एवढंच की पोरांना बाहेर पाठवायचंच कशाला.

चौघांच्याही बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे, पण मूळ मुद्दा चौघांच्याही हातून निसटलाय. परदेशी जाणाऱ्या माणसाला सल्ला देणारा पैसे कोणाकडून घेतो, आणि दिलेल्या सल्ल्याखाली स्वतःचं नाव घालायची त्याची तयारी आहे का, एवढंच इथे बघायचं आहे. या कसोटीवर हे वकिलीचंच काम ठरतं. कोल्हापूरच्या वकिलांनी ते कमीपणा न मानता करावं आणि त्याची हद्द पहिल्याच भेटीत पक्षकाराला सांगावी, असं माझं मत आहे.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेतो. कोल्हापूरच्या वकिलाला कॅनडाचा कायदा सांगायचा अधिकारच काय? नाहीच. तिथल्या कायद्याप्रमाणे पैसे घेऊन अर्जदाराची बाजू मांडायची तर तिथल्या एखाद्या प्रांताच्या वकील संघाचा सभासद असावं लागतं, क्युबेकचा नोटरी असावं लागतं, नाहीतर तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा परवाना लागतो. आपली सनद तिथे चालत नाही. ऑस्ट्रेलियाने नोंदणीकृत मायग्रेशन एजंट हा स्वतंत्र पेशाच केलाय. ब्रिटनने १९९९ च्या कायद्याने सल्लागारांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा उभी केली. आणि उलट बाजूने बघितलं तर २०१८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी वकिलांना भारतात वकिली करता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा आपण टाळ्याच वाजवल्या होत्या. तेव्हा ‘अमेरिकेची केस आम्ही लढतो’ असा बोर्ड लावणारा इथला वकील थापा मारतोय, असंच म्हणावं लागेल. शिवाय लेकीच्या घरी चार महिने राहायला निघालेल्या आई-वडिलांना वकील लागत नाही. फॉर्म शांतपणे वाचावा, खरं लिहावं, मुलाखतीला जावं.

पण हा मुद्दा मान्य केला की तो एजंटलाही तितकाच लागू होतो, हे कोणी बोलत नाही. राजारामपुरीतल्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाकडे तरी कॅनडाचा परवाना असतो का? बहुतेक वेळा त्याच्याकडे तिकडचाही नसतो आणि इकडचाही. त्याला चालतं ते वकिलाला चालत नाही, असं म्हणायचं असेल तर ते उघड म्हणा. आणि दुसरं असं की परदेशी जाणाऱ्याची निम्मीअधिक अडचण परदेशी कायद्याची नसतेच, ती इथल्या कागदांची असते.

एक उदाहरण सांगतो. करवीर तालुक्यातला मुलगा, डिप्लोमा झालेला, शिरोलीच्या फाउंड्रीत काही वर्षं काढलेली. जर्मनीतून नोकरीचं पत्र आलं. ऊसदराच्या आंदोलनात रास्ता रोको झाला तेव्हा हा गर्दीत होता, नाव गुन्ह्यात आलं, आणि पासपोर्टच्या अर्जात विचारतात की तुमच्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे का. एजंटने सांगितलं, ‘नाही म्हणून टिक मार भावा, व्हेरिफिकेशनचं आपण बघू.’ आता कायदा काय म्हणतो? १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण नुसता गुन्हा नोंदला म्हणजे खटला प्रलंबित झाला असं नाही. कोर्टाने त्याची दखल घेतलेली असावी लागते. आणि दखल घेतली असली तरी १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. म्हणजे सरळ रस्ता होता. माहिती दडवून घेतलेला पासपोर्ट मात्र जप्त होऊ शकतो आणि खोटी माहिती देणं हा त्याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. रास्ता रोकोत नाव येणं ही आमच्या जिल्ह्यात घरटी गोष्ट. ती लपवल्यामुळे माणूस नव्याने आरोपी होतो. हे सांगायला कॅनडाचा परवाना लागतो का? आरोपपत्राची नक्कल काढायला, रोजनामा बघायला, प्रथमवर्ग न्यायाधीशांपुढे अर्ज द्यायला कोण लागतं?

जन्मतारखांची कथा तर आणखी मजेशीर. आमच्या भागात गेल्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली, आईने ‘पाऊस लागायच्या आधी’ असं काहीतरी सांगितलं, गुरुजींनी १ जून लिहून टाकली. मुलगा ऑस्ट्रेलियात स्थिरावतो, आई-वडिलांना न्यायचं म्हणतो, आणि फाइलमध्ये वडील, काका, आत्या सगळे वेगवेगळ्या सालच्या १ जूनचे निघतात. तिकडच्या अधिकाऱ्याला हा बनाव वाटला तर त्याचा काय दोष? त्यात लग्नात सुनेचं नावच बदललेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. यावर एजंटचा उपाय म्हणजे नवा दाखला ‘करून आणणे’. वकिलाचा उपाय कंटाळवाणा असतो. जुनं शाळेचं रजिस्टर शोधायचं, ग्रामपंचायतीत नोंद आहे का बघायचं, नसेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यायचा, नावासाठी राजपत्र, आणि या सगळ्याचा खुलासा करणारं प्रतिज्ञापत्र सोबत लावायचं. यात कुठेही चमक नाही. नव्या पोरांना वाटतं तसं न्यूयॉर्कच्या ऑफिसशी व्हिडिओ कॉल वगैरे काही नाही. पण फाइल टिकते ती यावर.

आता पैशाकडे येऊ. शिक्षणासाठी जाणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी ‘सल्ला मोफत’ असतो. सल्लागाराचं भाडं, पगार, होर्डिंग कुठून निघतं? प्रवेश दिला की तिकडचं कॉलेज कमिशन देतं. यात बेकायदेशीर काही नाही, आणि या धंद्यातली सगळीच माणसं लबाड आहेत असंही मी म्हणणार नाही; मुलांसाठी मनापासून धावपळ करणारे सल्लागार याच शहरात आहेत. पण व्यवस्थाच अशी आहे की ‘या कॉलेजला जाऊ नकोस’ हा सल्ला दिला की सल्लागाराचं नुकसान होतं. दुसरा प्रकार ‘व्हिसा लागला तरच पैसे द्या’ हा. ऐकायला किती प्रामाणिक! प्रत्यक्षात या बोलीमुळे काहीही करून शिक्का मिळवणं एवढाच त्या माणसाचा स्वार्थ उरतो. मग खात्यावर महिनाभर दुसऱ्याचे पैसे फिरवून ‘फंड दाखवणं’ आलं, नसलेल्या नोकरीचं पत्र आलं. वकिलाला कोर्टाच्या कामात निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. ती बंदी कोणा साधुपुरुषाने घातलेली नाही. जिंकण्यावर पोट अवलंबून असलं की माणूस पुरावा कसा ‘तयार’ करतो, हे या पेशाला शेकडो वर्षांच्या अनुभवातून ठाऊक आहे.

आणि खोट्याची किंमत कोण मोजतं? खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, ब्रिटन १० वर्षं, आणि अमेरिकेत तर ती बंदी एरवी कायमची असते. पंजाबमधल्या विद्यार्थ्यांचं प्रकरण २०२३ साली उघडकीला आलं, ते याच धर्तीचं. प्रवेशपत्रं बनावट होती, मुलं कॅनडात शिकली, कामाला लागली, आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना अनेक वर्षांपूर्वीचा तो कागद पुढे आला. जालंधरच्या त्या एजंटला कॅनडाच्या कोर्टाने २०२४ मध्ये ३ वर्षांची शिक्षा दिली. त्या मुलांची मधली वर्षं कोण देणार?

अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज शेवटपर्यंत कधी वाचून बघा. सही करायच्या पानावर एक प्रश्न आहे: हा अर्ज भरायला तुम्हाला कोणी मदत केली का? केली असेल तर त्याचं नाव, पत्ता, नातं. एजंटने भरलेल्या अर्जात इथे काय असतं, ते मी बऱ्याच वेळा पाहिलंय. ‘नाही.’ म्हणजे फाइलमधलं पहिलं खोटं एजंट स्वतःला लपवण्यासाठी लिहितो आणि त्याखाली सही अर्जदाराची घेतो. खात्याचा ई-मेल एजंटचा, पासवर्ड त्याच्याकडे, अर्जदाराने आपलाच अर्ज पूर्ण पाहिलेला नसतो. उद्या काउंटरपलीकडचा अधिकारी विचारतो, ‘तुमचा भाऊ अमेरिकेत आहे असं इथे लिहिलेलं नाही, का?’ तर पोरगं घामाघूम. हाच माणूस गावाकडे दोन गुंठे घ्यायचे म्हटलं तरी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, सातबारा, फेरफार, बोजा सगळं बघतो. मग पोराच्या आयुष्याचा व्यवहार बिनसहीच्या माणसावर कसा सोडतो?

‘एजंटांना परवाने द्या, कडक कायदा करा’ म्हणणाऱ्यांनी थोडं मागे बघावं. १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहेच. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या भरती एजंटला नोंदणी लागते, कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. आखातात जाणाऱ्या गवंड्याला, ड्रायव्हरला याचा आधार झाला, हे मान्य करायला हवं. पण हा कायदा नोकरीसाठी जाणाऱ्यांचा. विद्यार्थी त्यात बसत नाही. पंजाबने तर २०१२ साली ट्रॅव्हल एजंट, सल्लागार, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास या सगळ्यांना परवान्याखाली आणणारा कायदा केला. तरी त्या अमृतसरच्या विमानात पंजाबचे ३० जण होतेच. कायदा नसता तर आणखी असते, हे म्हणता येईल आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण भिंतीवर परवाना टांगलेला असला म्हणून सल्ला देणाऱ्याचं हित अर्जदाराच्या हिताशी जोडलं जात नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

वकिलांविरुद्धचा एक मुद्दा मला खरोखर बोचतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे कन्सल्टन्सीने फसवलं तर ग्राहक मंचात जाता येतं, वकिलाने काम बिघडवलं तर नाही. मग जबाबदारीच्या गप्पा वकिलांनी कशाला माराव्यात? हा निकाल मला पटलेला नाही. ते एक असो. पण वकिलावर बार कौन्सिलची शिस्तभंगाची कारवाई होते, सनद जाऊ शकते, आणि दिवाणी दावा आहेच. ही कारवाई रेंगाळते, हेही खरं. तरी ती करायला एक माणूस, एक नाव, एक नोंदणी क्रमांक सापडतो. कन्सल्टन्सीचं काय होतं? शटर पडतं आणि सहा महिन्यांनी शाहूपुरीत नव्या नावाचा बोर्ड लागतो.

अमेरिकेतलं पडिया यांचं प्रकरण इथे आठवतं. मूळचा होंडुरासचा हा ट्रकड्रायव्हर, अमेरिकेच्या सैन्यातून व्हिएतनाममध्ये लढलेला, चाळीसहून अधिक वर्षं तिथे कायदेशीर राहिलेला. अमली पदार्थांच्या खटल्यात त्याच्या वकिलाने सांगितलं, गुन्हा कबूल कर, इतकी वर्षं इथे आहेस, देशाबाहेर काढतील याची काळजी नको. सल्ला साफ चुकीचा होता; कबुलीमुळे हकालपट्टी जवळजवळ अटळ झाली. पण २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की परदेशी पक्षकाराला हद्दपारीचा धोका सांगणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे आणि ते न पाळणं म्हणजे कायदेशीर मदत नाकारणं. वकीलही चुकतात, बेफिकीर असतात, हे या प्रकरणावरून दिसतंच. पण वकिलाची चूक होती म्हणून ती मोजायला कोर्टाकडे माप होतं. तोच सल्ला एजंटने दिला असता तर?

कोल्हापुरात वाद घालायचा आणि शाहू महाराजांचं नाव निघायचं नाही, असं होत नाही. माझ्याविरुद्ध ते असं काढलं जातं: महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, तेव्हा प्रस्थापितांनी नाकं मुरडलीच होती, आज तुम्ही एलएलबीची भिंत बांधून हुशार सल्लागाराला बाहेर ठेवताय. मुद्दा जोरदार आहे. कायद्याची पदवी म्हणजे व्हिसाचं ज्ञान नव्हे, आणि काल सनद मिळालेल्या पोरापेक्षा दहा वर्षं फाइली केलेला माणूस जास्त जाणतो, हे मीही बघतो. अमेरिकेतही मान्यताप्राप्त संस्थांमधल्या बिगरवकिलांना इमिग्रेशनच्या कामात उभं राहायची परवानगी दिली जाते. पण महाराजांनी दिली ती सनद होती. दरबारच्या दप्तरात नाव चढत होतं आणि माणूस कोर्टात उजळ माथ्याने, आपल्या नावाने उभा राहत होता. आजचे सल्लागार अशी सनद मागत असतील तर मी त्यांच्या बाजूने बोलेन. ते मागतात ती मोकळीक.

‘नुसतं फॉर्म भरणं’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना मी सखाराम गणेश पंडित यांची आठवण करून देतो. अहमदाबादेत जन्मलेला हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत होता. १९१४ साली कोर्टाने त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व दिलं होतं. भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा थिंड यांची बाजू पंडितांनी मांडली आणि १९२३ मध्ये ते हरले: भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. लगेच सरकारने आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली आणि खुद्द पंडितांवरच दावा लावला. त्यांचा युक्तिवाद बघण्यासारखा आहे. मी गोरा आहे की नाही हे बाजूला ठेवा. तुमच्याच कोर्टाने निकाल दिला, तुम्ही तेव्हा अपील केलं नाही, त्या निकालावर विसंबून मी लग्न केलं, घर घेतलं, वकिलीची सनद घेतली. आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही. १९२६ मध्ये अपिलात ते जिंकले, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाही नकार दिला आणि मग उरलेल्या भारतीयांविरुद्धचे दावे सरकारने सोडून दिले. शपथपत्र, तारीख, जुना आदेश, या मालावरच तो खटला उभा होता. याला फॉर्म भरणं म्हणायचं का?

आणि लांब कशाला, वळिवडे तर गांधीनगरला लागून आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध संपल्यावर त्यांचा देश दुसऱ्यांच्या हाती गेला होता. कोण कुठे जाणार हे मग कागद ठरवू लागला. ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढलेल्या पोलिश सैनिकांच्या कुटुंबांना १९४७ च्या कायद्याने ब्रिटनचा रस्ता मोकळा झाला. बाकीचे जगभर पांगले. स्थलांतर म्हणजे हौस, असं ज्यांना वाटतं त्यांनी महावीर उद्यानातल्या त्या स्मारकापाशी एकदा थांबावं. आणि ‘बाहेर जायचंच कशाला’ म्हणणाऱ्यांशी मी फार वाद घालत नाही. लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब १९२० साली परत गेले तेव्हा त्यांना मदत करणाऱ्यांत आमच्या महाराजांचं नाव आहे.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती वकिलांच्या बाजूची आहे. या कामात सगळ्यात मोलाचा सल्ला बऱ्याचदा ‘आत्ता अर्ज करू नका’ हा असतो. अर्ध्या तासाच्या या सल्ल्याचे पैसे द्यायला आपल्याकडे माणूस तयार नसतो. तो चिडून उठतो आणि समोरच्या गल्लीत ‘शंभर टक्के गॅरंटी’ विकत घेतो. आणि बार कौन्सिलच्या नियम ३६ मुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही. स्टेशन रोडवर एजंटचं चाळीस फुटी होर्डिंग, वकिलाची दारावरची वीतभर पाटी. लोक कुठे जाणार? नियम ३६ सैल करा, असं मी म्हणणार नाही. नाहीतर त्याच होर्डिंगवर काळ्या कोटातला फोटो दिसायला वेळ लागायचा नाही.

पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला काही अडवत नाही. आठवड्यातून एक दिवस, पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राच्या आसपास, दोन वकील आणि एक टेबल. एजंटने भरलेला अर्ज घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर वाचून दाखवतो, काय लिहिलंय ते मराठीत सांगतो, आणि वाचणाऱ्याचं नाव आणि सनद क्रमांक त्या चिठ्ठीवर लिहून देतो. बार असोसिएशनने पॅनेलसाठी नावं मागवली तर माझं पहिलं लिहा. ज्येष्ठांपैकी किती जण पुढे येतात ते बघू. आणि कन्सल्टन्सीवाल्यांपैकी कोणाला शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःचं नाव द्यायचं असेल, तर खुर्ची आम्ही आणतो.